बंदर ज्याच्या हाती

मुंबई किंवा न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजांच्या मागच्या बाजूला, नावाच्या खाली, त्या जहाजाच्या नोंदणीचे बंदर रंगवलेले असते, आणि तिथे 'मोनरोव्हिया' हे नाव पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. त्यांतली बहुतेक जहाजे लायबेरियाच्या या राजधानीत कधी गेलेलीही नसतात. मालक ग्रीक किंवा जर्मन, कप्तान तिसऱ्याच देशाचा, खलाशांमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातले तरुणही असतात, आणि झेंडा मात्र लायबेरियाचा. 1948 साली केलेल्या कायद्याने ही सोय सुरू झाली आणि नोंदणीचे सारे काम पहिल्यापासून अमेरिकेतल्या कार्यालयातून चालत आले. 1989 ते 2003 या काळात लायबेरियात दोन यादवी युद्धे झाली, राजधानीची वीज गेली, नळाचे पाणी गेले, एक राष्ट्राध्यक्ष हालहाल करून मारला गेला आणि सुमारे दोन लाख माणसे मेली असावीत असा अंदाज सामान्यतः सांगितला जातो. जहाजांची नोंदणी मात्र त्या चौदा वर्षांत थांबली नाही आणि तिची फी मोनरोव्हियात जो कोणी सत्तेवर असेल त्याला मिळत राहिली.

लायबेरियाच्या यादवीविषयी लिहिताना 'युद्धाने अर्थव्यवस्था आणि पायाभूत सुविधा उद्ध्वस्त केल्या' हे वाक्य ठरल्यासारखे येते. आकडे त्याला दुजोराही देतात. 1987 ते 1995 या काळात देशाचे उत्पन्न सुमारे 90 टक्क्यांनी घसरले. आधुनिक काळात नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या आर्थिक पडझडींपैकी ही एक मानली जाते. तरीही ते वाक्य मला अपुरे वाटते. युद्धाने मोडले ते लोकांचे जगणे. त्या देशाचा जो व्यवहार जगाशी जोडलेला होता, म्हणजे लोखंड, रबर, लाकूड, हिरे आणि जहाजांचा झेंडा, त्यातला बराचसा भाग युद्धातही चालू राहिला, फक्त त्याचे धनी बदलले. आणि हे शक्य झाले, कारण देशाची बांधणीच अशी झाली होती की त्यातून पैसा काढण्यासाठी देश चालवण्याची गरज नव्हती, एखादे बंदर आणि तिथवर येणारा एक रस्ता हाती असला की पुरे. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' असे आपण म्हणतो. लायबेरियात ससा म्हणजे बंदर होते.

आधी भूगोल पाहू. लायबेरियाचे क्षेत्रफळ सुमारे 1,11,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. अटलांटिकचा किनारा सुमारे 580 किलोमीटर. मानो, लोफा, सेंट पॉल, सेंट जॉन, सेस्टोस, कॅव्हाला या नद्या ईशान्येच्या डोंगराळ भागातून निघून किनाऱ्याला जवळपास काटकोनात येऊन मिळतात. त्यामुळे किनाऱ्याला समांतर जायचे तर नदीमागून नदी ओलांडावी लागते, आणि पूल नसेल तर पलीकडचा जिल्हा म्हणजे परदेश. मे ते ऑक्टोबर पाऊस पडतो आणि मोनरोव्हिया जगातल्या सर्वांत पावसाळी राजधान्यांपैकी एक आहे. जमीन बरीचशी तांबड्या जांभ्याची. अशा मातीच्या रस्त्यावरून लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक गेले की पावसाळ्यात त्याचे काय होते हे कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. युद्धापूर्वी देशात सुमारे 10,000 किलोमीटर रस्ते होते, त्यांतले डांबरी जेमतेम साडेसहाशे. आग्नेयेकडचे झ्वेद्रू, ग्रीनव्हिल, हार्पर हे भाग पावसाळ्यात राजधानीपासून व्यवहारतः तुटत असत आणि शांततेच्या काळातही हीच स्थिती होती. राष्ट्राध्यक्ष तुबमन यांच्यापासून राष्ट्राध्यक्ष डो यांच्यापर्यंत प्रत्येक सरकारने आग्नेयेच्या रस्त्याचे आश्वासन दिले असेल, पण त्या रस्त्याच्या टोकाला निर्यात करण्याजोगी खाण नव्हती.

जिथे खाण होती तिथे रूळ गेले. 1951 मध्ये बोमी हिल्सपासून मोनरोव्हियाच्या फ्रीपोर्ट बंदरापर्यंत पहिली रेल्वे सुरू झाली. पुढच्या दशकात स्वीडिश आणि अमेरिकन भांडवलाच्या लॅम्को कंपनीने निंबा पर्वतातल्या लोखंडासाठी येकेपा ते बुकॅनन असा सुमारे अडीचशे किलोमीटरचा मार्ग बांधला, बुकॅननला नवे बंदर उभारले आणि येकेपाला कर्मचाऱ्यांसाठी दवाखाना, शाळा, वीज-पाणी असलेली नीटनेटकी वसाहत वसवली. तिसरा मार्ग जर्मन कंपन्यांच्या बाँग खाणीपासून पुन्हा फ्रीपोर्टपर्यंत. हे तीन मार्ग मिळून देशाचे रेल्वेजाळे तयार झाले नाही. मोनरोव्हिया आणि बुकॅनन ही दोन मुख्य बंदरे रेल्वेने कधी जोडली गेली नाहीत. बोमीचे रूळ अरुंद मापाचे आणि इतर दोन प्रमाण (स्टँडर्ड) मापाचे, त्यामुळे एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर नेता आला नसता. प्रत्येक मार्ग एका डोंगरातून निघून एका धक्क्यावर संपत होता आणि वाटेतल्या गावांना त्याचा उपयोग बहुतांशी गाडी जाताना पाहण्यापुरता होता.

रबराचीही हीच कथा, फक्त अधिक जुनी. 1926 साली फायरस्टोन कंपनीला दहा लाख एकरांपर्यंत जमीन 99 वर्षांसाठी, एकरी वार्षिक सहा सेंट भाड्याने देण्याचा करार झाला. त्याच्या बरोबरीने आलेल्या कर्जामुळे देशाच्या तिजोरीवर अमेरिकनांची देखरेखही आली. हार्बेल येथे जगातल्या सर्वांत मोठ्या रबरबागांपैकी एक उभी राहिली. शेजारीच दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रॉबर्ट्सफील्ड विमानतळ बांधला आणि तिथून राजधानीला रस्ता झाला. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांच्या वंशजांचा, लोकसंख्येच्या पाच टक्क्यांहून कमी असलेला वर्ग एकाच पक्षाद्वारे 1878 पासून 1980 पर्यंत अखंड सत्तेवर होता. त्याला या व्यवस्थेत तोटा नव्हता. रॉयल्टी, भाडे आणि झेंड्याची फी यांवर सरकार चालत असेल तर लोफा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडून कर गोळा करण्याची, आणि मग त्या बदल्यात त्याला रस्ता देण्याची, गरज उरत नाही. 1960च्या दशकात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी लायबेरियाची पाहणी करून उत्पादन झपाट्याने वाढते आहे पण विकास होत नाही, असे स्पष्ट निदान केले होते. त्या वेळी तेथील वाढीचा वेग जगात वाखाणला जात होता.

तांदूळ हे लोकांचे मुख्य अन्न आणि तोसुद्धा मोठ्या प्रमाणावर जहाजाने येणारा. एप्रिल 1979 मध्ये राष्ट्राध्यक्ष टोल्बर्ट यांच्या सरकारने तांदळाचा भाव वाढवण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा मोनरोव्हियात दंगली झाल्या आणि गोळीबारात माणसे मेली. भाव वाढवण्याचा हेतू देशातल्या भातशेतीला उत्तेजन देण्याचा होता असे सरकार सांगत होते आणि त्यात काही तथ्यही असेल, पण शेतातून शहरापर्यंत भात येणार कोणत्या रस्त्याने, या प्रश्नाचे उत्तर सरकारजवळ नव्हते. पुढच्याच एप्रिलमध्ये सॅम्युअल डो या मास्टर सार्जंटने टोल्बर्ट यांना मारून सत्ता घेतली.

24 डिसेंबर 1989 रोजी बंडखोर नेता चार्ल्स टेलर याचे शे-दीडशे लोक आयव्हरी कोस्टमधून सीमा ओलांडून निंबा जिल्ह्यात बुटुओला शिरले. निंबातल्या ग्यो आणि मानो लोकांवर डोच्या सैन्याने 1985च्या फसलेल्या उठावानंतर जे अत्याचार केले होते त्यांमुळे टेलरला तिथे माणसे सहज मिळाली. इथपर्यंत ही कथा वंशद्वेषाची आणि सूडाची आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण पुढच्या सहा महिन्यांत त्याच्या फौजा कुठे गेल्या ते नकाशावर पाहावे. निंबातून खाली बुकॅननकडे, तिथून हार्बेल आणि रॉबर्ट्सफील्डकडे, मग राजधानीच्या वेशीवर. म्हणजे रूळ, बंदर, रबर, विमानतळ, याच क्रमाने. मोनरोव्हिया त्याला मिळाले नाही, कारण ऑगस्ट 1990 मध्ये नायजेरियाच्या नेतृत्वाखालची पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांची शांतिसेना, इकोमॉग, फ्रीपोर्टवर उतरली आणि तिने बंदर सोडले नाही. राष्ट्राध्यक्ष डो सप्टेंबरमध्ये पकडले गेले तेही याच बंदरात, इकोमॉगच्या मुख्यालयात भेटीला गेले असताना, टेलरपासून फुटलेल्या प्रिन्स जॉन्सन या बंडखोराच्या टोळीकडून.

त्यानंतरची काही वर्षे लायबेरियात दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदल्या. मोनरोव्हियात इकोमॉगच्या बंदुकांच्या आधाराने एक हंगामी सरकार होते. त्याच्याकडे बंदर, मदतीचा तांदूळ, झेंड्याची फी आणि विस्थापितांनी फुगलेले शहर होते. उरलेला बहुतेक देश टेलरकडे होता. त्याने ग्बार्न्गा येथे आपली राजधानी केली, मंत्री नेमले आणि त्या भागाला 'ग्रेटर लायबेरिया' म्हटले जाऊ लागले. हंगामी सरकारने 1992 मध्ये नव्या 'लिबर्टी' नोटा काढल्या तेव्हा टेलरच्या प्रदेशात त्या चालेनात. तिथे पहिले राष्ट्राध्यक्ष जे. जे. रॉबर्ट्स यांचे चित्र असलेल्या जुन्या नोटाच चालू राहिल्या. दोन प्रदेशांमधून ये-जा करणाऱ्या बाजारकरणींना दोन्ही प्रकारच्या नोटा सांभाळाव्या लागत आणि चुकीच्या नाक्यावर चुकीची नोट सापडली तर ती निष्ठेचा पुरावा ठरे. वाटेतल्या नाक्यांना तिथे 'गेट' म्हणत. प्रत्येक गेटवर पोत्यातला काही भाग काढून द्यावा लागे, आणि कधी जीवही. पाम तेल, कसावा, मिरची आणि सुकी मासळी राजधानीत येत राहिली ती या बायकांमुळे. त्या काळात देशाच्या दोन भागांना जोडणारी खरी पायाभूत सुविधा कोणती, असे कोणी विचारले तर मी याच बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्यांकडे बोट दाखवीन.

ग्रेटर लायबेरियाचा खर्च मात्र टोपल्यांवर चालत नव्हता. निंबाच्या पायथ्याशी साठवून ठेवलेले लोखंड अजून विकण्याजोगे होते आणि ते बुकॅननमार्गे बाहेर गेले, अर्थात टेलरला पैसे मोजून. जंगलातले ओंडके युरोपला, विशेषतः फ्रान्सला गेले. हार्बेलच्या बागेचे व्यवहार 1992 मध्ये टेलरच्या राजवटीशी करार करून पुन्हा सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने मोनरोव्हियावर जो मोठा हल्ला केला त्याची तयारी त्या बागेच्या परिसरातूनच झाली. 1993 मध्ये इकोमॉगने बुकॅनन घेतले तेव्हा टेलरची लष्करी शक्ती कमी झाली, कारण त्याची तिजोरी त्याच बंदरात होती. शांतिसेनेचे सैनिकही या लुटीपासून अलिप्त राहिले नाहीत. इकोमॉग या इंग्रजी अक्षरांचा 'दिसेल ती गाडी आणि हलणारी प्रत्येक वस्तू गायब' असा विस्तार मोनरोव्हियातले लोक करत, आणि गंमत म्हणून केलेला तो विस्तार बऱ्यापैकी खरा होता.

कोणत्या सुविधा वाचल्या आणि कोणत्या नष्ट झाल्या, यातही एक हिशेब दिसतो. सेंट पॉल नदीवरचे माउंट कॉफी जलविद्युत केंद्र हे मोनरोव्हियाच्या विजेचे मुख्य साधन होते, आणि त्याचा विनाश तोफगोळ्यांनी झाला नाही. 1990 च्या पावसाळ्यात तो परिसर बंडखोरांच्या हाती गेला, केंद्राचे कर्मचारी निघून गेले आणि धरणाचे दरवाजे उघडायला कोणी उरले नाही. पाऊस नेहमीप्रमाणे पडला, जलाशय भरून पाणी वरून वाहू लागले आणि बांधाचा एक भाग वाहून गेला. पुढच्या वर्षांत जनित्रांचे भाग, तारा आणि तांबे भंगारात गेले. शहराच्या पाणीपुरवठ्याचीही तीच गत झाली. बंदरांचे धक्के मात्र शक्यतो कोणी मोडत नव्हते. विजेचे केंद्र सगळ्या शहराचे असते, त्यातून एखाद्या टोळीप्रमुखाला महिन्याचे उत्पन्न मिळत नाही, मिळालेच तर भंगाराच्या भावाने एकदाच. बंदरातून ते रोज मिळते. जे सर्वांच्या उपयोगाचे होते ते भंगारात गेले आणि जे एकाच्या कब्जात राहू शकत होते ते टिकले, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

1997 च्या निवडणुकीत टेलर सुमारे 75 टक्के मते घेऊन निवडून आला. तो हरला तर पुन्हा युद्ध करील या भीतीने अनेकांनी त्याला मत दिले, असे तेव्हापासून सांगितले जाते. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने राज्य चालवण्याची पद्धत फारशी बदलली नाही. आग्नेयेच्या जंगलात ओरिएंटल टिंबर कंपनीने बुलडोझर घातले, रस्ते काढले, बुकॅनन बंदर वापरले. तिचा एक सूत्रधार गुस कौवेनहोवेन याला पुढे, 2017 मध्ये, नेदरलँड्समधल्या अपील न्यायालयाने शस्त्रपुरवठा आणि युद्धगुन्ह्यांतल्या साहाय्याबद्दल 19 वर्षांची शिक्षा सुनावली. ज्या आग्नेयेला दीडशे वर्षे रस्ता मिळाला नव्हता तिला तो मिळाला तेव्हा ओंडके बाहेर नेण्यासाठी आणि बंदुका आत आणण्यासाठी मिळाला.

इथे बाहेरच्या जगाची जबाबदारी स्पष्टपणे मांडायला हवी, कारण यादवीचा दोष आफ्रिकेच्या स्वभावावर टाकून मोकळे होण्याची सवय आपल्याकडच्या वर्तमानपत्री लेखनातही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मार्च 2001 मध्ये लायबेरियाच्या हिऱ्यांवर बंदी घालण्याचा ठराव केला. शेजारच्या सिएरा लिओनमधल्या बंडखोरांचे हिरे लायबेरियामार्गे विकले जात होते आणि हात तोडलेल्या माणसांची छायाचित्रे जगभर पोचली होती. लाकडाचे काय, हा प्रश्न तेव्हाच निघाला होता. लायबेरियाच्या लाकडाचे मोठे ग्राहक फ्रान्स आणि चीन होते, दोघेही परिषदेचे कायम सदस्य, आणि दोघांचाही लाकडावरच्या बंदीला विरोध होता. ती बंदी लागू झाली जुलै 2003 मध्ये. मधल्या दोन वर्षांत जंगल तुटत राहिले आणि टेलरविरुद्धचे दुसरे युद्ध पेटत गेले. बंदीमुळे लाकूडतोड्यांचे रोजगार जातील, असा युक्तिवाद तेव्हा केला गेला. हातावर पोट असलेल्यांची काळजी मला पोकळ वाटत नाही, पण ती काळजी ग्राहक देशांच्याच तोंडी का होती, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. रबरावर तर बंदी आलीच नाही.

त्याच पावसाळ्यात शेवट झाला. गिनीच्या बाजूने आलेल्या लर्ड या टेलरविरोधी बंडखोर संघटनेच्या फौजा जून आणि जुलैमध्ये तीनदा राजधानीवर चालून आल्या. मोनरोव्हियातले लोक या तीन लढायांना पहिले, दुसरे आणि तिसरे महायुद्ध म्हणतात. तिसऱ्यात बुशरॉड बेट आणि त्यावरचे फ्रीपोर्ट लर्डच्या हाती गेले, शहराचा मध्यभाग टेलरच्या सैन्याकडे राहिला आणि या दोहोंमध्ये उरले मेसुराडो नदीच्या मुखावरचे पूल, ज्यांचा रस्ता काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांनी झाकला गेला होता. तांदळाची गोदामे पुलाच्या पलीकडे, बंदरात होती. अलीकडे लाखो लोक शाळांमध्ये, क्रीडागारात आणि पडक्या इमारतींत दाटले होते, तांदूळ पत्र्याच्या कपाने मोजून विकला जात होता आणि त्या एका कपाचा भाव रोज चढत होता. लोकांनी पाला शिजवून खाल्ला. पलीकडे लर्डचे सैनिक त्याच गोदामांतली पोती फोडत होते. 28 जुलैला आयव्हरी कोस्टच्या बाजूने आलेल्या मॉडेल या दुसऱ्या संघटनेने बुकॅनन घेतले. ग्रीनव्हिल आणि हार्पर त्याआधीच गेले होते. चारही बंदरे हातची गेली, लाकडावर बंदी लागू झाली, सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाचे टेलरवरचे आरोपपत्र जाहीर झाले होते, आणि 11 ऑगस्टला टेलर नायजेरियाला निघून गेला. अमेरिकेचा दबाव आणि नायजेरियाची मध्यस्थी यांचा वाटा मोठा होता हे खरे. तरी बुकॅनन गेल्यानंतर दोन आठवड्यांत तो गेला, हा योगायोग मला वाटत नाही.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. शेजारच्या गिनीतही बॉक्साइटची खाण ते कामसार बंदर असा तशाच धाटणीचा लोहमार्ग आहे, तिथली राजवटही कठोर होती, मग गिनीत अशी यादवी का झाली नाही? हा आक्षेप बरोबर आहे आणि तो माझ्या म्हणण्याची मर्यादा आखून देतो. रुळांच्या दिशेमुळे युद्ध सुरू होत नाही. लायबेरियात ते सुरू झाले डोच्या क्रूरतेमुळे, निंबातल्या कत्तलींमुळे, शंभर वर्षांच्या एकपक्षीय सत्तेने साठवलेल्या रागामुळे, आणि लिबिया, बुर्किना फासो व आयव्हरी कोस्ट यांनी टेलरला केलेल्या मदतीमुळे. पण सुरू झालेले युद्ध किती वर्षे चालेल आणि कुठे लढले जाईल, हे बऱ्याच अंशी देशाच्या बांधणीने ठरते. शेतकऱ्यांच्या मालावर, गावोगावच्या बाजारांवर आणि कारागिरांवर चालणारी अर्थव्यवस्था बंदुकीच्या धाकाने लुटता येते, पण लुटीनंतर ती लवकर आटते, पुढच्या वर्षी पेरणी झाली नाही की लुटायला काही उरत नाही. निंबातला लोखंडाचा ढिगारा आणि आग्नेयेचे शतकभर वाढलेले जंगल यांना कोणी पेरावे लागत नाही, म्हणून असे युद्ध सात वर्षे चालू शकते, थांबू शकते, आणि पुन्हा चार वर्षे चालू शकते.

युद्धानंतर काय आधी बांधावे, हा प्रश्न त्यामुळे तांत्रिक राहत नाही. संक्रमणकालीन सरकारने ऑगस्ट 2005 मध्ये, निवडणुकीला दोन महिने असताना, मित्तल स्टीलशी निंबाच्या लोखंडाचा करार केला आणि त्यात येकेपा-बुकॅनन रेल्वे आणि बुकॅनन बंदर यांचा ताबा कंपनीकडे जाण्याची तरतूद होती. एलन जॉन्सन सर्लीफ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर त्यांनी करार पुन्हा वाटाघाटीला काढला आणि डिसेंबर 2006 मध्ये रेल्वे व बंदर यांची मालकी सरकारकडे परत आली. सर्लीफ यांच्या कारकिर्दीवर घराणेशाहीपासून अनेक आरोप आहेत आणि त्यांतले काही योग्यही आहेत, पण ही एक दुरुस्ती मला त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या कामांपैकी वाटते, जुलै 2006 मध्ये मोनरोव्हियाच्या काही रस्त्यांवर पंधराएक वर्षांनंतर पहिल्यांदा दिवे लागले त्याहूनही महत्त्वाची. सप्टेंबर 2011 मध्ये बुकॅननहून लोखंडाचे पहिले जहाज गेले. त्याच वर्षी गोव्याच्या सेसा गोवा कंपनीने बोमी हिल्स, बिआ आणि मानो नदीच्या पट्ट्यातले हक्क असलेल्या वेस्टर्न क्लस्टर कंपनीत मोठा हिस्सा घेतला. डिचोली-सांगेच्या लोखंडावर वाढलेली आणि मांडवीतून बार्जेस चालवणारी कंपनी लायबेरियातल्या पहिल्या खाणीच्या डोंगराशी पोचली. पुढे लोखंडाचे भाव कोसळले, 2014 मध्ये इबोला आला आणि काम थंडावले. गोव्यात खाणी बंद पडल्यावर खाणपट्ट्यातल्या ट्रकमालकांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले त्यांना बोमीतल्या तरुणांची निराशा कळायला अवघड जाऊ नये, फक्त बोमीजवळ पर्यटन नव्हते.

याउलट मोनरोव्हियाहून ग्बार्न्गामार्गे गांटापर्यंत आणि गिनीच्या सीमेपर्यंतचा रस्ता जागतिक बँकेच्या पुढाकाराने नव्याने बांधला गेला, तोही ठेकेदारावर दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकून. या रस्त्याने लोखंड जात नाही. कसावा, केळी, तांदूळ, सिमेंट, शाळेची पुस्तके, रुग्ण आणि नातेवाईक जातात, आणि वाटेत प्रत्येक गावाला चढता-उतरता येते. एखाद्या टोळीने तो अडवला तर तिला नाक्यावरची वसुली मिळेल, पण जहाजभर माल मिळणार नाही. असे रस्ते महाग पडतात, त्यांतून परकीय चलन दिसत नाही, म्हणून ते मागे पडतात. माझे म्हणणे एवढेच की लायबेरियाच्या बाबतीत त्यांची किंमत ठरवताना 1989 ते 2003 या चौदा वर्षांचा खर्चही हिशेबात धरायला हवा.

अलीकडच्या वर्षांत वाद झाला तो पुन्हा येकेपा-बुकॅनन रुळांचाच. सीमेपलीकडच्या गिनीतल्या लोखंडाच्या खाणींना समुद्र गाठायला हाच मार्ग जवळचा, आणि आर्सेलर मित्तलखेरीज (म्हणजे पूर्वीच्या मित्तल स्टीलखेरीज) इतर कंपन्यांनाही तो वापरू द्यावा की नाही, यावरून 2021 मधली कराराची दुरुस्ती संसदेत अडकली. राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाय यांच्या सरकारने रेल्वेसाठी वेगळे राष्ट्रीय प्राधिकरणही नेमले आहे. मोनरोव्हियातल्या चर्चेचा रोख मात्र एका खाण कंपनीऐवजी दोन किंवा तीन खाण कंपन्या, यापलीकडे फारसा गेला नाही. अधिक कंपन्या म्हणजे अधिक भाडे, आणि तेवढ्यापुरते ते चांगलेच आहे. परंतु युद्धाच्या काळात बाँगच्या मार्गावर लोकांनी स्वतःच लाकडी फळ्यांच्या ढकलगाड्या करून माणसे आणि माल नेला होता. रुळांचा असा उपयोग होऊ शकतो हे त्यांना कोणत्याही सल्लागाराने सांगितले नव्हते. निंबातल्या शेतकऱ्याचा माल आणि प्रवासी यांच्यासाठी आठवड्यातल्या ठरावीक गाड्या, त्यांचे ठरलेले भाडे, आणि मार्गावरच्या गावांना थांबे, हे प्राधिकरणाच्या नियमांत आणि प्रत्येक नव्या करारात लिहून घ्यायला हवे, आणि ते सह्या होण्याआधी, कारण लोखंडाचा भाव चढा असताना एकदा सही झाली की पुढची पंचवीस वर्षे कंपनीच्या वेळापत्रकात शेतकऱ्याच्या डब्याला जागा काढणे कोणत्याही सरकारला सोपे जात नाही.